‘विंगेत’ नावाचे नेटवर्क

डिचोली पोलीस ठाणे
अकस्मात मृत्यूच्या चौकशीकामी घेतलेला जबाब
दिनांक २५ जानेवारी २०२५, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

नाव: श्रीमती देवकी भिकाजी परब
वय: ६१ वर्षे
व्यवसाय: ग्रामपंचायतीतून २०१५ साली स्वेच्छानिवृत्त कारकून, सध्या घरीच
राहणार: आमोणे, तालुका डिचोली, गोवा

मी वरील नावाची बाई आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून, मराठीत सांगते ते असे.

माझे माहेर बांद्याचे. लग्न होऊन आमोण्याला आले त्याला अडतीस वर्षे झाली. माझे पती खाणीवर टिपर चालवत. ते २०१४ साली वारले. मला एक मुलगी आहे, सुविधा. ती पुण्याला नोकरी करते आणि तिथेच तिचे सासर आहे. घरात मी एकटी राहते.

मयत शिवदास रघुवीर गावस, वय ६८, हे माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची मागची पडवी दिसते. त्यांचे पुढचे दार आणि फाटक पलीकडच्या रस्त्याला आहे, ते माझ्याकडून दिसत नाही. ते खाणीच्या कचेरीत सर्व्हेअर होते. खाण बंद पडल्यावर घरी बसले. लग्न केलेले नव्हते. दहा-बारा वर्षांपासून त्यांना ऐकू येत नसे. कानाचे यंत्र त्यांना मानवले नाही, त्यामुळे फोनही ठेवला नव्हता. त्यांचा पुतण्या गौरेश वास्कोला राहतो आणि मुरगाव बंदरात कामाला आहे.

आमच्या लॅपटॉपच्या जोडणीबद्दल विचारल्यावरून सांगते. आमच्या गावात जत्रेला दर वर्षी नाटक होत असे. गावातल्या एका मास्तरांनी त्यासाठी स्वतः नाटके लिहिली होती. ते मास्तर आता नाहीत. नाटकांच्या एकूण अठ्ठावीस वह्या शिवदासबाबांकडे होत्या, कारण तीस वर्षे विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग तेच करत. वह्यांना कसर लागली होती आणि शाई उडत चालली होती. पंचायतीत माझे मराठी टायपिंगचे काम त्यांनी पाहिले होते. २०१६ साली ते मला म्हणाले, “वहिनी, ह्यो वह्यो माझ्यासोबत जाता नयेत. तुमी टायप करून द्याल?” मी मान हलवून हो म्हटले.

सुरुवातीला मी त्यांच्या पडवीत बसून टायप करत असे. असे सुमारे तीन आठवडे चालले. नंतर कोणीतरी सुविधाच्या सासरी काही बोलले. सुविधाने फोन करून मला विचारले. कोण बोलले ते मला माहीत आहे, पण ते या चौकशीत लागत नाही, म्हणून सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. कारण मी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही.

चार दिवसांनी ते गडग्याशी आले. ऐकू येत नसल्याने ते मोठ्याने बोलत. म्हणाले, “तुमचो लॅपटॉप एका दिवसासाठी द्या. तुमी थंय बसा, मी हंय बसतंय. मधी तार नाय, कोण नाय.” माझा लॅपटॉप सुविधाच्या कॉलेजातला जुना होता, चालू व्हायला पंधरा मिनिटे घ्यायचा. त्यांनी त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिले, त्याने तो लवकर चालू होई. त्यांच्याकडेही तेच होते. त्यांचा लॅपटॉप स्वतःचे एक वायफाय नेटवर्क सोडत असे आणि माझा त्याला जोडला जाई. याला इंटरनेट लागत नाही, रेंज लागत नाही, तिसरी वस्तू कसलीच लागत नाही. दोन्ही लॅपटॉपना त्यांनी एकेक आकडा दिला होता, त्यांच्याचा शेवट एक आणि माझ्याचा दोन. त्यांचा आकडा आणि पासवर्ड टाकला की त्यांचा एक फोल्डर माझ्या पडद्यावर उघडे. त्या एका फोल्डरपलीकडे मला त्यांच्या लॅपटॉपमध्ये जाता येत नव्हते. मी तसा कधी प्रयत्नही केला नाही. नेटवर्कला त्यांनी ‘विंगेत’ असे नाव दिले होते. पासवर्ड मी अधिकाऱ्यांना तोंडी सांगितला आहे. तो इथे लिहू नये अशी माझी विनंती आहे.

ते सकाळी टेबलाशी बसले की नेटवर्क चालू करत आणि रात्री जेवायच्या वेळी बंद करत. वहीची एक-दोन पाने स्कॅन करून फोल्डरमध्ये ठेवत. मी दुपारी चार वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसत असे, कारण जोडणी तिथेच मिळे. त्यांची पाने उतरवून घेई आणि आदल्या दिवशीची टायप केलेली पाने तिथे ठेवी. त्याबरोबर दोघेही एकेक लहान फाईल ठेवत असू. हवालदारांनी माझ्या लॅपटॉपवरच्या त्यांच्या अशा फाईली मोजून आकडा दोन हजार नऊशे चौदा असल्याचे सांगितले. मी मोजल्या नव्हत्या. त्यांत काय आहे असे विचारल्यावरून सांगते की, त्या दिवसाचे असेल ते. नळाला पाणी आले का, पेज केली की भात, कुठल्या पानावर मास्तरांचे अक्षर लागत नाही. यात लपवण्यासारखे काही नाही. तरी सगळ्या वाचल्या नाहीत तर बरे होईल.

या साडेआठ वर्षांत आम्ही एकमेकांच्या घरात गेलो नाही. गडग्यावरून महिन्यातून एकदोनदा बोलणे होई, ते बोलत आणि मी खुणेने उत्तर देई.

आता घटनेबद्दल सांगते. दिवाळीपासून सुविधा मला कायमचे पुण्याला चल असे म्हणत होती. पंधरा फेब्रुवारीला गाडी घेऊन येते, घर बंद करून टाकू, असे तिने ठरवले होते. मी तिला हो किंवा नाही असे सांगितले नव्हते. सोमवार दिनांक २० जानेवारी रोजी दुपारी चार वाजता मी लॅपटॉप उघडला. नेटवर्क चालू होते. फोल्डरमध्ये सकाळी ठेवलेली सात पाने होती, एरवीपेक्षा जास्त. बरोबरच्या फाईलमध्ये लिहिले होते की, तिसऱ्या अंकातली सासू आज फार बडबड करते, तुमचे हात दुखतील. मी पाने उतरवून घेतली आणि माझी फाईल ठेवली. वेळ चार वाजून वीस मिनिटे. ती फाईल पाच ओळींची होती. ती लिहायला मला चार दिवस लागले होते. मजकूर असा: “सुविधा मला पुण्याला न्यायला येते. पंधरा फेब्रुवारीला. घर बंद करायचे म्हणते. अकरा वह्या राहतील. मी जाऊ की नको, तुम्हाला काय वाटते ते लिहा.”

मंगळवारी चार वाजता नेटवर्क दिसत होते. मी जोडले. नवीन पाने नव्हती, फाईल नव्हती. माझी फाईल होती तिथेच होती. सहा वाजेपर्यंत मी तीन वेळा पाहिले. त्यांनी उत्तर दिले नाही.

यात मला वावगे का वाटले नाही असे विचारल्यावरून सांगते. २०२१ साली मास्तरांचा एक शब्द त्यांनी चुकीचा वाचला होता, मी तो सुधारला. तेव्हा ते चार दिवस गप्प होते. नेटवर्क चालू ठेवायचे, पण फोल्डरमध्ये काही ठेवायचे नाही. पाचव्या दिवशी पाने आली आणि खाली लिहिले होते, “तुमचेच बरोबर.” त्यामुळे गप्प राहणे त्यांना नवीन नव्हते. शिवाय नेटवर्क दिसत होते, म्हणजे ते टेबलाशी आहेत असे मी धरले. पडवीत दिसले नाहीत हे खरे. मला वाटले, मी त्यांना दिसू नये म्हणून पडवीत येत नाहीत.

बुधवार दिनांक २२ रोजी दुपारी बाराच्या सुमारास सुविधाचा फोन आला. ती म्हणाली, “आई, काय ते ठरवलंस गो?”

मी म्हटले, “ये.”

“नक्की मगे? आयत्या वेळी नको म्हणशील.”

“नाही म्हणत. हंय माका अडवणारा कोण आसा?”

त्याच दिवशी चार वाजता मी पुन्हा बसले. नेटवर्क होते. फोल्डर तसाच. साडेचार वाजता गावातली लाईट गेली. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. त्यांचे नेटवर्कही राहिले, कारण त्यांची बॅटरी अर्धा तास टिकते हे मला माहीत होते. पाच वाजून सहा मिनिटांनी नेटवर्क गेले. पाच चाळीसला लाईट आली. एरवी लाईट आल्यावर पाच मिनिटांत ते सगळे परत चालू करत, वीज खात्याला मोठ्याने काहीतरी बोलत, ते माझ्या खिडकीत ऐकू येई. त्या दिवशी आवाज आला नाही. सहा वाजेपर्यंत मी पडद्याकडे बघत होते. नेटवर्कच्या यादीत ‘विंगेत’ आले नाही. मग मी चपला घातल्या.

गडग्यावरून जाता येत नाही, म्हणून रस्त्याने फिरून त्यांच्या फाटकाशी गेले. पदेर, म्हणजे पाववाला, रोज सकाळी त्यांच्यासाठी उंड्यांची, म्हणजे पावांची पिशवी फाटकाला अडकवून जातो. तिथे दोन पिशव्या होत्या. मी हाका मारल्या. त्यांना ऐकू येणार नाही हे माहीत असूनही मारल्या. मग घराला वळसा घालून मागे गेले. मागचे दार नुसते लोटलेले होते, ते ढकलून आत गेले. ते टेबलाशी खुर्चीत होते. मान पुढे होती. समोर वही उघडी होती आणि स्कॅनरचे झाकण वर होते.

कशाला हात लावला का असे विचारल्यावरून सांगते की, त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला होता, तो काढून घडी करून टेबलावर ठेवला. पंचनाम्यात चष्मा टेबलावर असल्याचे लिहिले आहे, तो मी ठेवलेला आहे. दुसऱ्या कशाला हात लावला नाही. मी खोलीत किती वेळ होते ते मला सांगता येणार नाही. माझ्या मोबाईलवरून ११२ ला फोन केला त्याची वेळ सहा वाजून एकतीस मिनिटे आहे. नंतर ग्रामपंचायतीचे पंच गुरुदास नाईक यांना हाक मारली. पोलीस आले तेव्हा मी पडवीत होते.

शुक्रवारी अग्नी दिल्यानंतर गौरेश माझ्याशी बोलले. त्यांच्या तक्रारीवरून मला बोलावले आहे, म्हणून ते बोलणे सांगते. ते म्हणाले, “तुमी रोज त्यांच्या लॅपटॉपात जाता. आणि दोन दिवस तुमका कळला नाय?”

मी म्हटले, “नेटवर्क दिसत होता.”

ते म्हणाले, “नेटवर्क म्हणजे काका?”

थोड्या वेळाने ते खाली बसले आणि त्यांनी विचारले, “माझ्याबद्दल काय लिहीत होते?” मी खरे ते सांगितले. दर वर्षी गणेशचतुर्थीच्या आधी लिहीत, गौरेश ह्या वर्षी येईल असे वाटते, दोन नारळ जास्त काढून ठेवतो. गौरेश यांनी शेवटची चतुर्थी गावात कधी केली ते मला माहीत नाही. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांच्या जागी मीही हेच विचारले असते.

मयताच्या घरातील कागद, दागिना किंवा अन्य वस्तू मी घेतलेली नाही. सतरा वह्या टायप होऊन माझ्या लॅपटॉपवर आहेत आणि त्यांची एक प्रत मयताच्या लॅपटॉपवर आहे. राहिलेल्या अकरा वह्या गौरेश यांनी काल संध्याकाळी पिशवीत घालून माझ्या दारात आणून दिल्या. ते म्हणाले, “माका हे अक्षर लागणा नाय.” त्यांच्याकडे स्कॅनर चालवणारे कोणी नसल्याने मी आता थेट वहीतून टायप करीन.

शवविच्छेदनाचा अहवाल अधिकाऱ्यांनी मला आज समजावून सांगितला. मृत्यू हृदय बंद पडून, सोमवारी सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान झाला असे त्यात म्हटले आहे. हे मला आज, इथे, या टेबलाशी कळले. मी थोडे पाणी मागितले, ते मला दिले. जबाब पंधरा मिनिटे थांबवला होता.

पुढील चौकशीसाठी फेब्रुवारीनंतर पुण्याचा कोणता पत्ता लिहावा असे विचारल्यावरून सांगते की, पुण्याचा पत्ता लिहू नये. मी आमोण्यातच मिळेन. सुविधाला हे अजून सांगितलेले नाही, आज सांगणार आहे.

हा जबाब टायप झाल्यावर मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मंगळवारच्या मजकुरात “त्यांनी उत्तर दिले नाही” असे आले आहे, ते मीच तसे सांगितले होते. ते वाक्य मला बरोबर वाटत नाही. लिहिलेले खोडता येत नसल्यास त्याची दुरुस्ती इथे नोंदवून घ्यावी, अशी मी विनंती केली आणि अधिकाऱ्यांनी ती मान्य केली. दुरुस्ती अशी: माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

(सही) देवकी भिकाजी परब

समक्ष
(सही) सहायक उपनिरीक्षक