बारावी पाटी

दातांच्या दवाखान्यात गुरुजी सुजलेला गाल धरून बसले होते. शेजारच्या बाकावर पाट्या रंगवणारा एक पेंटर आणि त्याचा चपलांचा दुकानदार मित्र यांची मतदानावरून जुंपली होती.

"काही म्हण, धंदा कळतो तो याच पक्षाला. मला तर उसंत नाही!" पेंटर म्हणाला.

"डोंबलाचं कळतं! आधीचे होते तेव्हा माझ्या दुकानात गिऱ्हाइकांना स्टुलं पुरत नव्हती."

"तेव्हा मी माशा मारत होतो, त्याचं काय? महिन्याला जेमतेम दोन पाट्या. आता एका आठवड्यात अकरा!"

"अकरा? एवढी नवी दुकानं निघाली कुठे रे?"

पेंटर नखातला रंग खरवडू लागला.

"अरे, लिहितोस तरी काय त्यांच्यावर?"

"‘दुकान विकणे आहे.’"

"अकराही पाट्यांवर?"

"अकराही. हात बसलाय आता. न बघता लिहितो."

गुरुजींचा हात गालावरून खाली आला.

"मग उद्या बारावी रंगव," दुकानदार म्हणाला.

"कुणाची?"

"माझी. आणि जरा मोठी कर. दारावर बाबांचं नाव तूच रंगवलं होतंस ना? ते झाकलं जाईल एवढी."