काकाजींनी ओटीपी काऊन सांगितला

चहा घ्या, पण हसू नका. आमच्या काकूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे गेले आहेत.

पिपरी मेघेच्या आमच्या कॉलनीत म्हाताऱ्या माणसांसाठी कार्यक्रम होता. फोनवरच्या फसवणुकीपासून सावध कसं राहायचं, हा विषय. भाषणाले दुसरं कोण असणार? रिटायर मास्तर, आमचे काकाजी. "ओटीपी म्हणजे घराची चावी. सख्ख्या पोराले बी देऊ नका," हे ते तासभर सांगून राह्यले होते. मंडळानं त्याचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला अन् खाली काकाजींचा नंबर दिला, शंका असल्यास फोन करा म्हणून. समाजकार्य करावं तर असं.

कॉलनीत कोणाले शंकाच नव्हती. फोन एकच आला.

"गुरुजी, आपका पूरा भाषण सुना. ऐसा कोई समझाता नहीं. बैंक चाहती है, सबसे पहले आपका खाता सुरक्षित हो. ओटीपी आया होगा, बताइए."

काकाजींनी चष्मा लावला अन् एकेक आकडा सावकाश सांगितला. वरून विचारलं, "लिहून घेतलं ना नीट?" मास्तरकी जात नाई.

पोलीस ठाण्यात मी वैतागलो. "काकाजी, साऱ्या गावाले शिकवता, मग त्याले ओटीपी काऊन सांगितला?"

काकाजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "त्यानं भाषण शेवटपर्यंत ऐकलं होतं बाबू. तुमी सारे तं पोहे-तर्री खाऊन उठून गेलते."