न्हाणीजवळची खाट

ही गंगू माज्यापेक्षा थोरली कधी झाली, ते ऐका. साखर कारखान्याच्या सोसायटीनं काढलेल्या आमच्या वृद्धाश्रमात तपासणीचे सायेब आले. म्हणले, "न्हाणीजवळची खाट ऐंशीच्या वरच्यांनाच द्यायची, नियम आहे." आधार कार्डावर गंगू ब्याऐंशीची, मी अठ्ठ्याहत्तरची. माज्या खाटेवर तिचं गाठोडं आलं. माजा नुसता जळफळाट झाला.

"सायेब, दुष्काळात आमच्या माया खडी फोडायच्या, तवा हिला मीच कडंवर घिऊन फिरायची."

"आजी, कागद आहे का?"

"गंगे, तूच सांग की खरं."

गंगूनं माज्या खाटेवर पाय लांब केले. "खरं हाय सायेब, लई जीव लावला हिनं." मग मला म्हणली, "ये, थोरलीच्या पाया पड."