कडंचा माणूस

आमचं गाव पेठकडचं, घाटावर मोटार सोडली का पुढं पायी, पार डोंगराच्या पोटात. भात, नागली, वरई, एवढंच पिकतं तिथं, आणि दिवाळी झाली का सगळं गाव बाहेर पडतं, नाशिकच्या बाजूला द्राक्षाच्या बागांत कामाला. मीबी असाच बाहेर पडलो, लहान व्हतो तवा, बाच्या मागं मागं, आणि मंग नाशिकचाच झालो.

बा माझा लय भिडस्त माणूस. काय सांगू तुम्हाला ताई, चार माणसांत उभं राहायची पाळी आली का बा आधी पायातल्या वहाणा काढायचा, हातात धरायचा आणि जाऊन एकदम कडंला उभा राहायचा. बागेचा मालक बोलवो, गावात पंच बसोत, कुणाचं लगीन असो, बा कडंला आणि वहाणा हातात. आई म्हणायची, घाला की पायात, पाय पोळत्यात, तर नुसता हसायचा. तो बागेवरच तापानं फणफणला आणि गेला. तिकडंच नदीवर नेला त्याला, आणि आई, मी आणि धाकटी यमी असे तिघंच गावाला परत आलो. बाचा फोटो एकबी नाय. कुणी पाडलाच नाय. पुढं मी एवढ्या लोकांचे फोटो काढले, पण हार घालायला घरात बापाचा फोटो नाय, हे मला लय लागायचं, आजबी लागतं.

आता बघा, मी पाडला म्हणालो. आमच्या गावाला गुजरातची हद्द जवळ, तिकडं फोटो पाडतात, म्हणून आम्हीबी पाडतोच म्हणायचो. नाशकात आल्यावर लोक हसले, म्हणाले, अरे फोटो पाडतोस का भिंत पाडतोस, फोटो काढतात. मंग मी काढायला लागलो. आणि ज्याच्याकडून मी लेन्स घेतली तो चाचा, तो मालेगावकडचा, तो म्हणायचा फोटो खींचता है. माणूस कुठला तसा त्याचा फोटो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सगळा घोटाळा त्या एका शब्दापाशी झाला.

मोठा झालो तसा अंबडला एका कारखान्यात लागलो, तयार माल खोक्यात भरायचं काम. सुट्टीच्या दिवशी इंदिरानगरला एक स्टुडिओ व्हता तिथं जाऊन बसायचो, नाद लागला. कारखाना बंद पडला, स्टुडिओवाले काका थकले, त्यांनी त्यांचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, घे, लग्नं कर. म्हणजे लोकांची. नव्वदच्या पुढची गोष्ट ही, तवा सगळं रोलवर.

त्या कॅमेऱ्याला पन्नासची लेन्स व्हती. ती आपल्या डोळ्याला दिसतं तसं दाखवते, चेहरे एकदम सुरेख. पण ग्रुप फोटो म्हणजे काय असतं, खुर्च्यांवर म्हातारे, खाली पोरं, मागं बाया, त्यांच्या मागं मामा, काका, आणि हॉल केवढुसा. मी मागं सरकायचो, मागं सरकायचो, भिंतीला पाठ लागायची, एकदा तर आचाऱ्याच्या कढईपाशी जाऊन टेकलो, तरी कडंची दोन माणसं बाहेरच. आणि बाहेर राहिलेली नेमकी आत्या असायची. आत्या रुसली का मंग लगीन कसलं नि जेवण कसलं.

म्हणून गेलो चाचाकडं, मेन रोडच्या मागच्या गल्लीत, जुने कॅमेरे दुरुस्त करायचा. त्यानं दोन लेन्सा पुढं ठेवल्या. एक पस्तीसची, पन्नासच्यापेक्षा रुंद दाखवणारी, नवी कोरी, माझ्या आवाक्याबाहेरची. दुसरी अठ्ठावीसची, कुणीतरी विकून गेलेली. अठ्ठावीसची म्हणजे अजून रुंद, खोलीत उभं राहून खोली दाखवणारी. चाचानं ती माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाय, धरूनच म्हणाला, बेटा, ये सब को लेता है, मगर बाजूवाले को खींचता है. मी म्हणालो, मंग चाचा, मला तेच पायजे. मला वाटलं, कडंच्या माणसाचाबी फोटो काढते असं म्हणतोय. तो मगर म्हणाला, ते मी ऐकलंच नाय.

पहिल्याच लग्नात कळलं. आत्या आली, मामा आला, सगळे आले, पण अगदी कडंला जो मामा उभा व्हता तो ओढला गेलेला. डोकं आडवं, भोपळ्यावानी, कान लांब, खांदा बाहेरच्या अंगाला वाहून चाललेला. बाकी सगळे जागच्या जागी हसतायत आणि हा एकटाच कुठंतरी निघालेला. लोक हसले, मीबी हसलो. चाचाला दाखवला तर म्हणाला, बोला था ना, रुंद काच हाय, कडेला ओढणारच.

पुढच्या पावसाळ्यात त्याच घरातला पोरगा आला, हातात तोच फोटो. म्हणाला, दादा, मामा गेला. दुसरा फोटो नाय त्याचा, एवढ्यातून मोठा करून द्या, हार घालायचाय. मी दिला करून. कडंचा माणूस कापून घ्यायला सोपा असतो, एका बाजूला कुणी नसतंच. चेहरा जरा सरळ करता येतो का पाहिलं, नाय आला.

मंग एका लग्नातली विधवा मावशी. मंग एक मास्तर. असं व्हायला लागलं. ग्रुप फोटो घेऊन कुणी माझ्या फोटोच्या दुकानाची पायरी चढला का मी आधी फोटो बघायचो नाय, आधी त्याचं तोंड बघायचो, आणि तो बोट ठेवायचा ते कडंलाच. माझी बायको सुमन शाळेत शिकलेली, ती म्हणाली, अहो, असं काय करता, मधल्यांचे ढीगभर फोटो असतात, नवरानवरीचे, आईबापांचे. कडंच्याचा दुसरा फोटोच नसतो, म्हणून तुमच्याकडं कडंचेच येतात. बरोबर हाय तिचं. आजबी मला ते पटतं, दिवसा तर पक्कं पटतं. पण मी त्या दिवसापासून कॅमेरा डोळ्याला लावला का आधी कड बघायचो, आणि तिथं जो उभा असंल तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा, का त्याला मी बोलावलंच हाय.

मंग आमच्या यमीचं लगीन आलं. गावातच, घरापुढं मांडव. अंगण केवढं, मागं आमच्या घराची कुडाची भिंत, पुढं उतार, आणि एका बाजूला बांध संपतो आणि खाली भाताचं खाचर, पुरुषभर खोल. सगळा गाव फोटोला उभा राहिला. मी भिंतीला पाठ लावून पन्नासची लावून बघितली, तर सगळे बसतात, एक माणूस सोडून. तो माणूस म्हणजे आई. बांधाच्या टोकाला, डोक्यावर पदर, एकटी. मी म्हणालो, आई मधी ये, नवरीची आई मधी असती. ती म्हणाली, मी हितंच बरी, मधल्यांना उकडतं. दोनदा जाऊन हाताला धरून आणली, दोनदा ती परत कडंला. बाची बायको ती, दुसरं काय करणार.

ताई, आता माझी गत बघा. पन्नासची ठेवली तर यमीच्या लग्नाच्या फोटोत आई नाय. अठ्ठावीसची लावली तर आई कडंला. आणि सगळे ओरडतायत, अरे पाड की लवकर, ऊन लागतंय. आई तिकडून हसत म्हणते, पाड ना रं, मला पाड. बाचा फोटो नाय म्हणून मी आयुष्यभर झुरलो, आणि आता आईचा माझ्याच हातानं होणार, आणि तो पुढं कशाला लागणार ते मला ठाऊक.

मी अठ्ठावीसची लावली, कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर ठेवला, आपोआप निघायचं बटण दाबलं आणि पळालो. आईच्या पलीकडं, बांधाच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिलो, तिचा खांदा धरला. सुमन ओरडली, अहो. तिला एकटीला कळलं मी काय केलं ते. आमची लहानगी लेक दीपाली तिच्या कडेवर. माझ्या पलीकडं कुणी नाय, टाच बांधावर आणि बोटभर पलीकडं हवा. आणि कॅमेरा टिकटिकत असताना माझ्या उजव्या अंगाला गार लागलं. ऊन भरात व्हतं, सगळे घामाघूम, आणि माझी एक बाजू गार. मी वळून बघणार, तेवढ्यात खटका पडला.

रोल धुतला, छोटे फोटो आले. आई सरळ, सुंदर, तिच्या जागी. मी ओढलेला. बघून मला बरंच वाटलं, खरं सांगतो. सुमन तो फोटो घरात ठेवीना. पुढं वर्ष गेलं, मला साधा खोकलाबी झाला नाय.

मंग आई म्हणाली, यमीच्या लग्नाचा फोटो मोठा कर, भिंतीला लाव. आता हे ध्यानात घ्या, छोटा फोटो निघतो तवा मशीन फिल्मची चारी बाजूंनी थोडी थोडी कड खातं. फिल्मवर जास्त असतं, कागदावर कमी येतं. मोठा करताना मी पुरी फिल्म घ्यायला सांगितली. फोटो आला, मी उजेडात धरला. माझ्या पलीकडं, जिथं बांध संपतो, जिथं उभं राहायला जमीनच नाय, तिथं एक हात. कोपरापासून खालचा, लांबच लांब ओढलेला. आणि त्या हातात वहाणा.

मी सगळ्या गावाला विचारलं, कोण उभा व्हता, कुणाच्या हातात वहाणा व्हत्या. कुणीबी नाय. चाचाला दाखवला. त्यानं भिंग लावून लय वेळ बघितलं, भिंग ठेवलं आणि म्हणाला, काच तो वही खींचेगी ना बेटा, जो वहाँ है. मंग चहा सांगितला, पण कुणीच घेतला नाय.

आईला मी दाखवणार नव्हतो, पण तिनंच मागितला. तिनं बोट फिरवलं त्या हातावरनं. रडली नाय. म्हणाली, अजून घातल्या नाय का पायात. एवढंच. मंग म्हणाली, तू कडंला गेलास ना, म्हणून आला तुझा बा. पोराला कडंला ठेवतोय व्हय तो. आणि मला तो हातच तेवढा मोठा करायला लावला. घरात आहे, या बघायला. लोक विचारतात, हार घातलाय तो कशाचा फोटो, तर आई सांगते, मालकांचा.

त्याच्यानंतर ती लेन्स मी कपाटात ठेवली, पस्तीसची घेतली. आता तर कॅमेरेच दुसरे आले, रोल नाय, काय नाय, लेन्स मागंपुढं फिरते, कडंचं डोकं कम्प्युटरवर सरळ करून देतात पोरं. कुणी ओढलं जात नाय. आणि आता दीपालीचं लगीन ठरलंय, हितंच इंदिरानगरला, हॉल घेतलाय. आई परवा मला म्हणाली, नातीच्या फोटोत तुझ्या बाला मधी घे, एक खुर्ची मोकळी ठेव. मी म्हणालो, आई, मधल्या माणसाला काच ओढत नाय, मधी तो येणार नाय. आई म्हणाली, तर ती जुनीच काच लाव, आणि मी जाते कडंला. मी म्हणालो, नको, मी जाईन. तर म्हणाली, तू मागल्या खेपंला गेलतास, आता माझी पाळी, आणि त्यालाबी शेजारी कुणी वळखीचं नको का.

काल कपाटातनं काढून पुसली मी ती. बुरशी धरायला पायजे व्हती एवढ्या वर्षांत, पण काच एकदम निर्मळ. कुठली लावायची ते अजून ठरत नाय माझं. आईचं वय झालंय, तिला नाय म्हणवत नाय, आणि हो म्हणायला जीभ उचलत नाय. बघू, त्या दिवशी हात जे करंल ते. तुम्ही या मात्र लग्नाला, ताई, पोरीला आशीर्वाद द्या, पोटभर जेवून जा. आणि फोटोला बोलावतील तवा मधी उभ्या राहा, एवढं ऐका माझं.