आत ओढलेली शिट्टी

पलूसच्या त्या कबड्डीच्या फायनलची गंमत तुमाला सांगितली न्हाई वाटतं. आमी विरुद्ध जत. पंच आमच्या गावचे सुभेदार आबा. एकाहत्तरच्या लढाईत तोफांजवळ राहून त्यांना ऐकायला कमी यायचं.

जतचा गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणत आला, आमचे दोघं मारून परत फिरला, आणि आबांनी शिट्टी फुंकली. "दम गेला. बाद."

आमचाच कप्तान म्हणाला, "आवं आबा, त्याचा दम चालू हुता. तुमास्नी ऐकू आला न्हाई."

आबा ओशाळले. "चुकलं माझं. पर फुंकलेली शिट्टी परत घ्यायचा नियम न्हाई."

जतचा कप्तान शांतपणे म्हणाला, "मग आत वढा की."

आबांनी जरा इचार केला, शिट्टी तोंडात धरली आणि छाती भरून श्वास आत ओढला. शिट्टी वाजली. लोक हसून लोळले. दोन्ही गुण जतला मिळाले.

शेवटच्या चढाईत आबांनी आमच्या गड्यालाही तसंच बाद केलं. आमी सगळे वरडलो, "आबा, आत वढा."

आबा रेषेवरच बसले. म्हणाले, "आता न्हाई रं. ह्या टायमाला माझाच दम गेलाय."