माठावरचा उजेड

सन्माननीय अध्यक्ष उपेंद्रराव दाणी, व्यासपीठावर शालीत विराजमान झालेले सत्कारमूर्ती शरच्चंद्र गायधनी, म्हणजे आपले सगळ्यांचे काका, दिग्दर्शिका शैलाताई, आणि पंखे बंद असूनही जागा न सोडलेल्या रसिकजनहो,

मला तीन मिनिटं मिळाली आहेत. "जयराम, आभार मान आणि खाली बस, भांडू नकोस," अशी अध्यक्षांची सूचनाही मिळाली आहे. पण आत्ताच काका म्हणाले, "सातपूरची नोकरी संपली, आता त्र्यंबकला राहीन. दिव्यांना मात्र हात लावणार नाही. माझी नजर गेली." यावर आपण टाळ्या वाजवल्यात. मंडळी, टाळ्या कशाच्या वाजवता? त्यांची नजर गेलेली नाही!

बसतो, शैलाताई, बसतो. आधी ऐका तर.

काका कारखान्यात ड्राफ्ट्समन. आपल्या संस्थेच्या प्रत्येक नाटकाचा प्रकाशाचा नकाशा त्यांच्या हातचा. कुठला दिवा कुठं टांगायचा, सगळं एकास पन्नास मापात. नकाशावर आकडे मात्र लिहायचे नाहीत. "आकडा वाचणारा आळशी होतो. पट्टी लाव, दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर," हा त्यांचा दंडक. आणि दुसरा, "नकाशाला कागद शोधायचा, कागदासाठी नकाशा बदलायचा नाही." म्हणून ए-थ्री आकाराच्या ट्रेसिंगवरून त्याच आकाराची अमोनिया प्रिंट काढायची. जेवढं ट्रेसिंग तेवढीच प्रिंट, केसभर फरक नाही.

ही प्रिंट काढणारा मी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ड्रॉइंगच्या सरांनी समास दोन मिलिमीटर चुकला म्हणून माझी शीट रद्द केली. मी तिची सुरळी करून सरांच्या हातात दिली, म्हणालो, "घ्या, माशा मारायला होईल." तिथं शिक्षण संपलं आणि शालिमारजवळच्या प्रिंटच्या दुकानात नोकरी सुरू झाली. अमोनियाच्या वासानं माझे डोळे दिवसभर गळत. बघणाऱ्यांना वाटे, पोरगा प्रेमात आहे. आता दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात की नाही?

कारण प्रिंट न्यायला यायची काकांची कन्या, कुमारी मालिनी. आपल्या संस्थेची प्रॉम्प्टर. दोन वर्षांपूर्वी, स्पर्धेच्या आठवड्यात, ती वैतागून म्हणाली, "ही सुरळी घेऊन बसमध्ये चढले की कंडक्टर विचारतो, ताई, बंदूक कुठं नेताय?"

मी पेटलो. मालिनीची चेष्टा? त्याच महिन्यात दुकानात झेरॉक्सचं नवं मशीन आलं होतं, ए-थ्रीचं ए-फोर करून देणारं. मी नकाशा दाबून बसवला. घडी नाही, सुरळी नाही, थेट तिच्या फाइलीत. ती म्हणाली, "अय्या, किती सुटसुटीत!" त्या एका शब्दावर मी आठवडाभर जेवलो नाही.

नकाशा आक्रसला, पण खाली "एकास पन्नास" तसंच राहिलं. तीन मीटरवरचा दिवा पट्टीला दोन मीटर तेरावर भरू लागला.

प्रयोगाच्या दिवशी काकांची शिफ्ट होती. दिवे टांगले धोंडीरामभाऊंनी. मी विचारलं, "भाऊ, दिवे फार दाटीत नाही का झाले?" भाऊ शिडीवरूनच म्हणाले, "लय दाटीत झालेत. पण काकांचा कागद हाय. नाय पटत तर कागदाला इचार." कागद माझाच होता. पण ते माझ्या ध्यानातच आलं नाही, इतका मी विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे बघत होतो.

काका तिसऱ्या घंटेला पोहोचले. पुढचं अध्यक्षमहाराजांना स्मरत असेलच. तिसऱ्या अंकात नायक म्हणून अध्यक्षच खुर्चीत बसून अकरा मिनिटांचं स्वगत म्हणाले, अंधारात. सगळा उजेड शेजारच्या माठावर. दारातून आलेल्या शैलाताई डाव्या खांद्यापुरत्याच आल्या. माठ मात्र इतका सुंदर दिसला, की पुढच्या रांगेत एक गृहस्थ हसले. मी त्यांची कॉलर धरली. ते परीक्षक निघाले. निकाल आपल्याला माहीत आहे.

काका त्या दिवशी चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "माझीच मोजणी चुकली." मग दोनदा चष्मा बदलला. पट्टी जवळ ठेवली, पण पुन्हा कुठल्या नकाशाला लावली नाही.

आणि मी? छोटा कागद खिशात घातला. काकांनी तपासायला ट्रेसिंग मागितलं, तर सांगितलं, हरवलं. खरं बोललो असतो तर त्यांच्या घराचा जिना मला पुन्हा चढता आला नसता. एरवी कुणाशीही भांडणारा मी, दोन वर्षं या एका माणसासमोर मान खाली घालून होतो.

ट्रेसिंग हरवलं नव्हतं, काका. माझ्या ट्रंकेत होतं. आज सकाळी त्यावरून ही प्रिंट काढली आहे, ए-थ्रीवर, जेवढ्यास तेवढी. शालीखालून तुमच्या पट्टीचं टोक दिसतंय. लावा. मध्यरेषेपासून खुर्चीवरच्या दिव्यापर्यंत. किती?

मंडळी, ऐकलंत? सहा सेंटिमीटर! म्हणजे तीन मीटर! नजर शाबूत आहे! आता वाजवा टाळ्या.

काय म्हणालात, काका? "गाढवा, पुढचं नाटक कधी आहे?" शैलाताई, तारीख सांगा त्यांना, लवकर सांगा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. वक्त्यानं शेवटी क्षमा मागायची रीत आहे. बाकीचे रीत म्हणून मागतात, मला खरोखरीची हवी आहे. काकांकडून, अध्यक्षांकडून, धोंडीरामभाऊंकडून आणि समोर तिसऱ्या रांगेत पदरानं तोंड झाकून हसत असलेल्या व्यक्तीकडून.

जाता जाता एक विनंती. ही सुरळी लांब आहे, त्र्यंबकच्या एस.टी.त अडचण होईल. काकांची हरकत नसेल तर घरापर्यंत मी धरून येतो. कंडक्टर बंदूक म्हणाला, तरी कुणाची कॉलर धरणार नाही.