कीर्तनात विचारलेला प्रश्न

अकोले तालुक्यातल्या त्या आजींचं तुम्हाला सांगितलं का? आमच्या केडगावच्या चर्चने त्यांच्या गावात आधी पत्रकं वाटली, मग पडद्यावर येशूचा सिनेमा दाखवला. लोक बघायचे आणि घरी जायचे. कोणी कधी काही विचारलं नाही. म्हणून यंदा चर्चच्या पाळकांनी येशूच्या गोष्टीचं कीर्तन करायचं ठरवलं. मी टाळ धरायला सोबत गेलो.

पाळक रंगात आले होते. "येशू दमून विहिरीपाशी बसला. पाणी भरायला आलेल्या बाईला म्हणाला, मला प्यायला पाणी दे." मग दोघांचं बोलणं झालं आणि बाई घागर तिथंच टाकून गावाला त्याच्याबद्दल सांगायला धावली.

तेवढ्यात पुढे बसलेल्या आजी म्हणाल्या, "पर तिनं त्याला पानी दिलं का न्हाई?"

माझे टाळ थांबले. पाळकांनी बायबल उघडलं, पानं मागेपुढे केली. "आजी, तसं काही लिहिलेलं नाही."

"एवढी वर्सं वाचताय, अन् तुमाला कवा इचारावं वाटलं न्हाई?"

परतताना जीपमध्ये पाळकांनी पुन्हा तेच पान उघडलं. मग म्हणाले, "तीस वर्षं हा उतारा सांगतोय मी. येशू खरंच तहानलेला होता, हे माझ्या मनातच कधी आलं नाही."